शिवरायांच्या काकांचे नाव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आज मी आपल्याला एका नावाची गोष्ट सांगणार आहे. नाव अरबी आहे, पण ते ज्याने धारण केले तो माणूस पक्का मराठा होता. नाव आहे शरीफजी. शरीफजीराजे भोसले म्हणजे शहाजीराजांचे धाकटे बंधू आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सख्खे काका. शहाजी हे नाव गावोगाव ऐकू येते. शरीफजी नावाचा मराठी माणूस मात्र माझ्या आयुष्यात मला भेटलेला नाही. एकाच घरात, एकाच नवसाने ठेवलेल्या दोन नावांपैकी एक घरोघरी पोचले आणि दुसरे जवळजवळ पुसले गेले. असे का झाले, हा आजचा विषय.

मी राहतो कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या भिसेगावात. कर्जत लोकलने मुंबईला जायचे तर दोन तासांहून अधिक वेळ हाताशी असतो, आणि डब्यातल्या गप्पांना कशाचेच वावडे नसते. एकदा मी सहप्रवाशांना सहज विचारले, ‘शरीफजी नावाचा माणूस कोण असेल, सांगा पाहू.’ कोणी म्हणाले, मुंबईतला व्यापारी. कोणी म्हणाले, दर्ग्यातला मुजावर. कोणी त्याला कव्वाल करून टाकले. मी खरे उत्तर सांगितले तेव्हा डबा क्षणभर गप्प झाला. मग एक गृहस्थ जरा नाराजीनेच म्हणाले, ‘हे काय नवीन काढलंत, मास्तर?’

यात मी नवीन काहीच काढलेले नाही. शिवरायांच्या दरबारातल्याच एका कवीने ही हकिकत लिहून ठेवली आहे. पण त्या गृहस्थांची नाराजी मला महत्त्वाची वाटते. आज आपण नाव ऐकतो आणि त्यावरून माणसाची जात, धर्म, बाजू सगळे एका क्षणात ठरवून टाकतो. चारशे वर्षांपूर्वी याच मुलखात नावांचा हिशेब इतका सरळ नव्हता.

आधी नावाचा अर्थ पाहू. ‘शरीफ’ हा मूळ अरबी शब्द. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंतून फुटतात. शीन, रे आणि फे या तीन अक्षरांच्या धातूत उंची, मान, प्रतिष्ठा असा भाव आहे. त्यातून ‘शरफ’ म्हणजे मान आणि ‘शरीफ’ म्हणजे मानाचा, थोर कुळातला. मक्केच्या कारभाऱ्यांना शरीफ म्हणत, कारण ते पैगंबरांच्या वंशातले मानले जात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तुर्कांविरुद्ध उठाव करणारे हुसेन हे मक्केचे शरीफच होते. पवित्र स्थळांना आणि ग्रंथांनाही हा शब्द आदराने जोडतात. अजमेर शरीफ, कुराण शरीफ हे शब्द आपल्या कानावरचे आहेत.

याच धातूची आणखी भावंडे आपण ओळखतो. ‘तशरीफ’ म्हणजे येऊन मान देणे. ‘अश्रफ’ म्हणजे अधिक थोर. इजिप्तच्या अल-अश्रफ नावाच्या सुलतानाने पंधराव्या शतकात सोन्याचे नाणे पाडले, त्यावरून ‘अशर्फी’ आली. ‘मुशर्रफ’ म्हणजे ज्याला मान मिळाला तो. पाकिस्तानात १९९९ साली ज्या पंतप्रधानांची सत्ता गेली ते शरीफ आणि ज्यांनी ती घेतली ते मुशर्रफ. दोन्ही नावे एकाच धातूची.

मात्र दोन शब्दांपासून सावध राहायला हवे. आपला सोन्याचांदीचा ‘सराफ’ हाही अरबी शब्द, पण तो वेगळ्या धातूचा. त्याचा मूळ अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. आणि मुंबईचा ‘शेरीफ’, ज्याला आपण नगरपाल म्हणतो, तो तर अरबी नाहीच. तो जुन्या इंग्रजीतला परगण्याचा कारभारी. ध्वनी सारखा म्हणून कूळ सारखे असे धरले की माणसांबाबत होते तशी चूक शब्दांबाबतही होते.

आता हे नाव भोसल्यांच्या घरात कसे आले ते पाहू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मालोजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू विठोजी निजामशाहीच्या चाकरीत होते. विठोजींचे घर मुलांनी भरलेले होते. त्यांची नावे संभाजी, खेळोजी, मंबाजी, परसोजी अशी. मालोजींना मात्र बरीच वर्षे मूल नव्हते. त्यांच्या पत्नी उमाबाई. अहमदनगरला शाह शरीफ नावाचे एक सिद्धपुरुष होऊन गेले, त्यांच्या कृपेने मालोजींना दोन पुत्र झाले अशी श्रद्धा होती. म्हणून थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले. एका पिराच्या नावाचे दोन भाग करून दोन मुलांना वाटून दिले. शाह शरीफ यांचा दर्गा नगरला आजही आहे. २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे.

ही हकिकत येते ती ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात. कवींद्र परमानंद हे मूळचे नेवाशाचे, म्हणजे नगरच्याच मुलखातले. शिवरायांच्या सांगण्यावरून त्यांनी हे काव्य रचले. राजाच्या पराक्रमाचे काव्य, दरबारातला कवी, देववाणी संस्कृत, आणि त्यात राजाच्या वडिलांचे नाव पिरावरून ठेवले हे लिहायला कवीला संकोच वाटला नाही. तो संकोच आपला आहे, त्या काळाचा नव्हे.

आणि त्यात आश्चर्य तरी काय? नवसाने झालेल्या मुलाला ज्याला नवस केला त्याचे नाव द्यायचे, ही आपली जुनीच रीत. खंडोबाच्या नवसाचा तो खंडू, महादेवाच्या नवसाचा तो महादू. मुले जगत नसली तर काळाची दृष्ट पडू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे. पिराला नवस केला तर पिराजी. शरीफजी हे नाव याच रीतीतले. मालोजींची महादेवावरची भक्ती त्यामुळे उणी झाली नाही. शेख महंमद या श्रीगोंद्याच्या मुसलमान संतकवींना ते गुरुस्थानी मानत, असेही परंपरा सांगते.

नावाला मराठी रूप देण्याची हातोटीही पाहण्यासारखी आहे. शरीफ या अरबी शब्दाला आपला आदराचा ‘जी’ लावला की नाव आपले झाले. फिरंगी या शब्दाचे असेच फिरंगोजी झाले आणि चाकणचा किल्ला १६६० साली झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांमुळे ते अमर झाले.

शरीफजींच्या आयुष्याबद्दल फार थोडे लिहिले गेले, कारण ते फार थोडे जगले. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर आणि दुसऱ्या बाजूला मोगल व आदिलशाही यांची जोडफौज. मलिक अंबर हा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याचे अंबर हे नाव त्याला धन्याने दिलेले, आणि अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. हाही अरबीच शब्द. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली आणि मग छापा घातला. शहाजी आणि शरीफजी हे दोघे भाऊ त्याच्या बाजूने लढत होते. विजय मिळाला, पण शरीफजी रणात पडले.

त्या रणांगणावर नावावरून बाजू ओळखायला गेलो असतो तर गोंधळच उडाला असता. निजामशाहीकडून शरीफजी भोसले लढत होते आणि मोगलांकडून शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव. मोगल, विजापूर, नगर, तिन्ही दरबारांत मुसलमान सरदार होते आणि मराठेही. बाजू ठरत होती ती चाकरी, वतन आणि इमान यांवरून.

आता कोणी म्हणेल, परकीय सत्तेखाली असताना परकी नावे यायचीच. काही प्रमाणात ते खरे आहे. फारसी ही दरबाराची भाषा होती आणि तिच्या पाठीवर बसून अरबी शब्द मराठीत आले. आमच्या गावाच्या खरेदीखतावरची पहिली ओळ पाहा. मौजे भिसेगाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. भिसेगाव, कर्जत, रायगड ही नावे इथली. मौजे, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द अरबी. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, पण त्याआधीचा ‘जिल्हा’ शब्द कोणालाच खटकला नाही. आमच्याच जिल्ह्यातला जंजिरा म्हणजे अरबीतले ‘जझीरा’, म्हणजे बेट. वकील, अर्ज, हक्क, तारीख, मालक हे सगळे त्याच घरचे पाहुणे, आता घरचेच झालेले.

शिवाजी महाराजांना या शब्दांची जाण नव्हती असे नाही. उलट, त्यांनीच रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळात मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव झाले, डबिराचे सुमंत झाले, सरनौबताचे सेनापती झाले. कारभाराची भाषा आपली हवी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो स्वाभिमानाचा होता.

पण एक गोष्ट त्यांनी बदलली नाही, ती म्हणजे वडिलांचे नाव. महाराजांची राजमुद्रा संस्कृतात आहे. तिच्यात त्यांनी स्वतःची ओळख ‘शाहसूनु’, म्हणजे शहाजींचा पुत्र, अशी करून दिली आहे. ‘शाह’ हा शब्द फारसी. देववाणीतल्या मुद्रेत तो जसाच्या तसा बसला आहे. पदांची नावे बदलता येतात, कारण पद राज्याचे असते. माणसाचे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेले असते आणि त्यात त्यांची माया आणि त्यांचा नवस असतो, हा भेद त्या राजाला कळत होता.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातले आहे. स्वराज्याचे सरनौबत नेताजी पालकर यांचे गाव म्हणून खालापूरजवळचे चौक सांगितले जाते. नेताजी मोगलांच्या हाती लागले, १६६७ साली त्यांचे धर्मांतर करण्यात आले आणि त्यांना मुहम्मद कुली खान हे नाव मिळाले. त्या नावाने त्यांनी दूर काबूलकडे चाकरी केली. पुढे १६७६ साली ते परत आले, महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतले आणि ते पुन्हा नेताजी झाले. लादलेले नाव नऊ वर्षांत गळून पडले. मायेने ठेवलेले शरीफजी हे नाव मात्र भोसल्यांच्या घरात पुढची दोनशे वर्षे टिकले.

दोनशे वर्षे कसे टिकले, हे पाहायला आपल्याला तंजावरला जावे लागेल.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तमिळ मुलखात तंजावरला मराठ्यांचे राज्य उभे केले. त्यांनी आपल्या मुलांची नावे ठेवताना मागच्या पिढीची जोडी पुन्हा मांडली. एक मुलगा शहाजी आणि दुसरा सरफोजी. तिसऱ्याचे नाव तुकोजी. हे सरफोजी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपले शरीफजीच. शरीफजी, शरफोजी, सरफोजी अशी त्याची वाटचाल. मालोजी, विठोजी, तुकोजी यांच्या पंगतीला बसताना त्याने त्यांच्यासारखाच ‘ओजी’ धारण केला. भातवडीला पडलेल्या काकांची आठवण पुतण्याने अशी जपली. १६८४ ते १७१२ शहाजी आणि त्यांच्यामागून १७२८ पर्यंत सरफोजी तंजावरच्या गादीवर होते.

पुढे तमिळनाडूत या नावाने आणखी एक रूप घेतले. तमिळ लिपीत प, फ, ब, भ यांना वेगवेगळी अक्षरे नाहीत. एकाच अक्षरावर भागवतात. त्यामुळे सरफोजीचे शरभोजी व्हायला वेळ लागला नाही. पंडितांना ते सोयीचेच झाले. शरभ म्हणजे शिवाचे एक उग्र रूप, सिंहाहूनही बलवान असा कल्पित प्राणी. झाले, राजा ‘शरभेंद्र’ झाला. त्याच्यावर ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ नावाचे तमिळ नृत्यनाट्य रचले गेले. अरबी शरीफाने संस्कृत शेला पांघरला आणि तो तमिळ रंगमंचावर उभा राहिला.

हे नाव सर्वांत मोठे केले ते दुसऱ्या सरफोजींनी. १७७७ चा त्यांचा जन्म. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७९८ साली ते गादीवर बसले. राज्याचा कारभार लवकरच इंग्रजांच्या हाती गेला, पण या राजाने उरलेल्या मानाचा उपयोग विद्येसाठी केला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हजारो पोथ्यांची भर घातली. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला तोही त्यांनीच, १८०३ साली. १८१४ च्या सुमारास त्यांनी समुद्रकाठी आठ मजली मनोरा बांधला. त्याला तमिळ लोक आजही ‘मनोरा’च म्हणतात, आणि हा शब्दही अरबीतून आलेला. १८३२ साली ते वारले.

ज्या ‘शिवभारता’त शरीफजींच्या नावाचा उगम सापडतो, त्याची पोथीही तंजावरच्या याच सरस्वती महालाने जपली. स. म. दिवेकर यांनी १९२७ साली ते काव्य छापून मराठी वाचकांपुढे ठेवले. सरफोजी नावाच्या राजाने वाढवलेल्या ग्रंथालयामुळे शरीफजी नावाची हकिकत आपल्यापर्यंत पोचली.

मग महाराष्ट्रात हे नाव का लोपले? मला दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे शरीफजी तरुणपणी गेले, त्यांच्या नावावर राज्य उभे राहिले नाही. शहाजी हे शिवरायांचे वडील, म्हणून ते नाव प्रत्येक पोवाड्यात आणि पाठ्यपुस्तकात राहिले. सतत कानावर पडल्याने ते परके आहे हेच आपण विसरलो. दुसरे कारण असे की पुढे शरीफ हे नाव मुसलमानांचे अशी वाटणी आपल्या मनात पक्की झाली.

खरे तर अशी कितीतरी नावे आपल्या आजोबा-पणजोबांची होती. दौलत, साहेबराव, फकिरा, सुलतानजी ही सगळी अरबी शब्दांवरची नावे. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त देणारे हैबतबाबा आरफळकर घ्या. ‘हैबत’ म्हणजे अरबीत धाक, दरारा. माउलींच्या मंदिरात त्यांच्या नावाच्या पायरीचे पूजन करून कार्तिकीचा सोहळा सुरू होतो. तिथे माथा टेकवताना कोणा वारकऱ्याने हा शब्द कोणत्या भाषेतला, असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

आता ही नावे मागे पडली. नवी पिढी पुस्तकांतून, मालिकांतून नावे शोधते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नावांची हौस काळाप्रमाणे बदलायचीच. कोणी आपल्या नातवाचे नाव शरीफजी ठेवावे असाही माझा आग्रह नाही.

माझे म्हणणे एवढेच की नाव ऐकून माणूस ठरवण्याची घाई करू नये. त्या घाईत आपण शिवरायांच्या सख्ख्या काकांनाही ओळखले नाही. आज भाड्याची खोली शोधणाऱ्या, नोकरीचा अर्ज घेऊन आलेल्या, शाळेच्या हजेरीपटात नव्याने नाव लागलेल्या कितीतरी जणांचे असेच होते. त्यांचे नाव आधी उंबरठा ओलांडते आणि दार तिथेच लागते.

शरीफ या शब्दाने स्वतःच एक वाट दाखवली आहे. अरबस्तानात त्याचा अर्थ होता थोर कुळात जन्मलेला. हिंदुस्थानात येईपर्यंत तो बदलत बदलत सज्जन, सरळ वागणारा असा झाला. शब्द जन्मावरून वागणुकीवर आला. त्या शब्दाला जे जमले ते आपल्याला जमायला हरकत नाही.

श्रोतेहो, भातवडीच्या रणात पडलेल्या त्या तरुण भोसल्याचे नाव पुढच्या वेळी कानावर आले तर ते आपल्याच घरातले म्हणून ऐकावे, एवढी विनंती.